विहिरीच्या तळचा दगड

आमच्या आळीची विहीर मी खारी केली. गावात हे कुणी माझ्या तोंडावर बोलत नाही, म्हणून मीच बोलतो.

काशीदच्या अलीकडे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमची पाच घरांची आळी. विहीर माझ्या काकांच्या सुपारीच्या वाडीत, पण पाणी पाची घरांचं. वैशाखात पाणी तळाला गेलं की सगळे मिळून गाळ उपसायचे. आधी नारळ, मग कुदळ. तळाशी एका कडेला शेंदूर फासलेला दगड होता. गाळ त्या दगडापर्यंत काढायचा, त्याच्याखाली कुदळ लावायची नाही. का, ते कुणी विचारलं नाही. देव होता, विषय संपला.

पूर्वी ही विहीर पाऊस येईपर्यंत पुरायची. मग मे महिन्यात तळ दिसू लागला, पुढे होळी झाली की लगेच. वर टेकडीवर शनिवार-रविवारच्या मालकांचे बंगले झालेत, प्रत्येकाची बोअर, वर पोहायचा तलाव. त्यांना शिव्या घालायला आम्हांला फार आवडतं. पण दिवाळीनंतर वहाळावर दगडमातीचा बंधारा घालायची रीत आम्हीच मोडली, हे बोलायची वेळ आली की सगळ्यांचा घसा बसतो. त्या बंधाऱ्याचं पाणी अडायचं, मुरायचं आणि विहिरीला यायचं. बंधारा घालायला माणसं लागतात. माणसं गेली मुंबईला, नाहीतर माझ्यासारखी न्हावा शेव्याला, कंटेनरच्या यार्डात.

त्या वर्षी एप्रिलमध्येच टँकर सुरू झाला. मी रजेवर आलो, तेव्हा काकू भर उन्हात हंडे घेऊन रस्त्यावर बसली होती. माझं डोकं फिरलं. मी शिडी लावून विहिरीत उतरलो, पहारीने तळ ठोकून पाहिला आणि वर येऊन सांगितलं की अजून थोडं खाली गेलो तर पाणी आहे.

"दगडाच्या खाली जायाचं न्हाय," काका म्हणाले.

मी कारण विचारलं. त्यांना सांगता येईना. आम्ही कधी गेलो नाही, बाप गेला नाही, एवढंच ते म्हणत राहिले. मग मी सगळ्यांसमोर म्हणालो की देवाला तहान लागत नाही, माणसांना लागते. आळी हसली. मला त्या वाक्याचा फार अभिमान वाटला होता. आता ते आठवलं की स्वतःच्या कानफटात मारून घ्यावीशी वाटते. काका हसले नाहीत, पण बाजूला झाले. आळीत डिप्लोमा झालेला मी एकटा होतो.

दगड आम्ही मानाने वर आणून काठावर ठेवला. त्याच्याखाली राखाडी चिकणमाती लागली, कुदळीला चिकटणारी, हातभर जाड. ती फोडली आणि खाली वाळू लागली. पाणी असं उसळलं की खणणारे आम्ही चिंब होऊन वर आलो. गोड पाणी होतं. संध्याकाळी प्रत्येक घरी मला बोलावून घावन आणि नारळाचा रस खायला घातला, आणि मी पाचही घरी जेवलो.

मी यार्डात परतल्यावर आठवड्याभरात काकूचा फोन आला. डाळ शिजत नाही आणि चहा फाटतो, म्हणाली. रविवारी जाऊन मी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. मचूळ लागलं. त्याच्या पुढच्या रविवारी खारट. शेजारच्या गावचा एक म्हातारा विहीर खणणारा वाकून आत बघत म्हणाला की किनाऱ्याला गोडं पाणी चिकणमातीवर बसलेलं असतं आणि खारं तिच्याखाली. माती फोडली की आधी थोडं गोडं उसळतं, मग खारं वर येणारच. आम्ही पोत्यांनी चिकणमाती आणून तळाला ठोकली. पण ते वरातीमागून घोडं होतं. त्या पावसाळ्यात पाणी जरा गोड झालं, आणि दिवाळीनंतर पुन्हा तोंडात धरवेना.

टँकरच्या पाण्यावर माणसं जगतात, सुपारी जगत नाही. पुढच्या उन्हाळ्यात वाडीतली झाडं शेंड्याकडून पिवळी पडली, मग वाळली. ती पाडायला मी रजा काढून गेलो. काका बुंध्यावर कुऱ्हाड घालत होते, मी दोर ओढत होतो. मला वाटत होतं, त्यांनी एकदा मला शिवी घालावी, म्हणजे मी तरी मोकळा होईन.

शेवटचं झाड पाडून ते त्याच्याच खोडावर बसले आणि घाम पुसला.

"मी बापाला कारण इचारायला पायजे व्हतं," ते म्हणाले. "ठावं असतं तर तुला अडवला असता. माझं चुकलं, बाला."

मी हातातला दोर गुंडाळत राहिलो. ज्या माणसाची वाडी मी मारली, तो माझी माफी मागत होता.