काकूनं राणीच्या दुधाले उकळी देल्ली

चांद्याच्या जंगलातली गोष्ट म्हटली का तुमी वाघाची वाट पाहान. वाघ येनार नाई. मधमाश्याइची म्हटली का तोंडाले पाणी सुटन. तेबी गिळून टाका, बोटाले लावाले मध नाई इथी. एक मेलेली राणी हाय, चमचाभर पांढरं दूध हाय, आन माही काकू हाय.

आमचा जिल्हा तवा मध्यप्रदेशात होता. मी मूल गावच्या शाळेतून मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो आन लोकाइचे आवाज काढून गाव हसवत होतो. आमी ढिवर, तलावाच्या मासोळीवर जगनारे. त्याच तलावानं आदल्या साली काकाले नेलं. "त्या पान्यात मी पाय टाकत नाई," काकू म्हणे. गावोगावी पेटीतल्या माश्या पाळाले शिकवनारा एक मास्तर फिरे, त्यानं तिले एक पेटी देल्ली. पहिला मध निघाला त्या दिवशी काकू पोटभर जेवली.

मंग पावसाळ्यात पेटीतली राणी मेली.

मास्तर घाटावरचा. नाकातून बोले, काखेत छत्री, दर वाक्याले 'बरं का'. पेटी उघडून म्हणे, "नवी राणी झाली नाही तर पेटी रिकामी होणार, बरं का." काकू तवा निंदणीले गेली होती, म्हणून त्यानं मलेच सारं सांगतलं. काचेच्या बाटलीत आंबट वासाचं घट्ट पांढरं दूध देल्लं. माश्याच ते आपल्या डोक्यातून काढतात, म्हणे. ज्या अळीले तेच खाऊ घालत राहतात, ते राणी होते. उद्या तो त्या दुधावर ठेवाले चांद्याहून बारीक अळ्या आननार होता.

"ओल्या फडक्यात गुंडाळून माठापाशी ठेवा. तापवायचं नाही, बरं का. यातली प्रथिनं म्हणजे बारीक दोऱ्यांची घडी. तुमच्या जाळ्यासारखी. उष्णता लागली की वीण उसवते. दोरा तोच, पण जाळं राहत नाही. उकडलेलं अंडं परत कच्चं होतं का?"

संध्याकाळी आंगनात शेजारच्या बाया बसल्या होत्या. मी काखेत काठी घेतली, नाक दाबलं आन सारं मास्तरच्या आवाजात सांगतलं. "तापवायचं नाही, बरं का." बाया लोटपोट. काकूबी हसली, पदरानं डोळे पुसपुसून. काका गेल्यापासून मी तिले असं हसताना पाह्यलं नवतं. म्हणून आनखी लांबवलं. तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं, दर वेळी नाक जास्त दाबून.

आता आमच्या घरची रीत सांगतो. ढिवराच्या घरी काई शिळं राह्यलं का त्याले उकळी देतात. मासोळीचा रस्सा झोपताना एकदा, उठल्यावर एकदा चुलीवर चढते, नाई तं नासते. सकाळी काकूनं बाटलीचं बूच काढलं, तं आंबट वास आला. तिनं दूध वाटीत वतलं आन वाटी इंगळावर ठेवली.

मी तोंड धुऊन आलो, तं वाटीत गठोळ्या.

"काकू, हे काय केलं?"

"वास सुटला होता. उकळी देल्ली. आता टिकन."

"तापवू नोको म्हटलं होतं ना."

"ते तं तू मस्करी करून राह्यला होता."

दुपारी मास्तर आला. त्यानं गठोळ्याइत पाणी टाकून काडीनं घोटलं. विरल्या नाईत. तरी त्याच्यावरच अळ्या ठेवून पाह्यल्या, माश्याइनं त्या ओढून बाहेर टाकल्या. मंग ज्या पोळ्याच्या तुकड्यात अळ्या आनल्या होत्या, तो तसाच पेटीत बांधला, त्याच्याकडंबी त्याइनं पाह्यलं नाई. "उशीर झाला आता," मास्तर बोलला. यावेळी 'बरं का' म्हटलं नाई. त्याच्याजवळ दुसरं दूधबी नवतं.

माश्या कमी कमी होत गेल्या. दिवाळीच्या आत पेटीत मुंगळे फिरून राह्यले होते. काकूनं पेटी परसात उलटी करून ठेवली आन दुसऱ्या दिवशी बायाइच्या मागं तलावावर गेली. मी तलावाच्या पाळीवर, बांधावर, उभा होतो. पहिलं पाऊल टाकाच्या आधी ते लय वेळ थांबली. मंग कमरेपर्यंत उतरली.

घरी आली तं लुगडं निथळत होतं. टोपलीत चार बारक्या मासोळ्या. मले दारात पाहून तिथीच सुरू झाली.

"मास्तरचा आवाज काढतेस, पाटलाचा काढतेस. उद्या काकाचाबी काढशीन. मले खरं सांगाचं होतं, तं चुलीपाशी येऊन हळू सांगाचं होतं. माहा हात धरून सांगाचं होतं. पन नाई, तुले चार बाया हसाले पाह्यजे."

"काकू, मी सांगतलं तं होतं…"

"तू नाई सांगतलं. मास्तरच्या नाकानं सांगतलं. मले काय माहीत लेका, त्यात तू कुठी हायेस? आता काऊन गप? हसव ना."

मी तिच्या हातची टोपली घेतली.

"जा, चुलीत लाकूड लाव. आन तोंडातून एक शबुद काढू नोको, कोनाच्याच आवाजात."