काटा थांबल्याबिगर वजन बोलायचं न्हाई

मंडळी, आज मी स्वतः लिहिलेलं दोनशे ओळींचं कोड पुसलं आणि तेव्हापासून हसून राहिले.

हिंगोलीच्या हळद बाजारात आमचं ॲप चालतं. इलेक्ट्रॉनिक काट्यावरचं वजन ते थेट मोबाईलवर दाखवतं. त्यासाठी मी मोठ्या हौसेनं रिॲक्टिव्ह लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेलं तयार कोड, वापरली होती. एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेलं सगळं आपोआप बदलतं. पण सकाळच्या गर्दीत फोन अडकायला लागले, आणि बिघाड शोधायला बसले तर माझंच कोड मला समजेना.

शेवटी काट्याजवळ जाऊन उभी राहिले. पोतं ठेवलं की आकडा खालीवर नाचायचा आणि दर वेळी ॲप सगळा स्क्रीन नव्यानं रंगवायचं. वजन करणारे मापाडी शेषरावकाका मात्र गप्प उभे.

"काका, काहून थांबले?"

"काटा थांबल्याबिगर आमी वजन बोलत न्हाई, बाई. हलता आकडा बोलला तर दिवसभर भांडणंच निस्तरा."

तिथंच पोत्यावर बसून लॅपटॉप उघडला. आकडा स्थिर झाल्यावर एकदाच स्क्रीन बदलेल, असं साध्या वीस ओळींत लिहिलं. लायब्ररी वाईट नाही. दहा गोष्टी एकदम बदलतात तिथं मी ती अजूनही वापरीन, पण एका काट्यासाठी ती जड होती.

काकांनी नवं ॲप निरखून बघितलं. "आता बराबर. आता तुमचा फोन मापाडी झाला."

एवढी मोठी पदवी मला कॉलेजनंही दिली नव्हती. तुम्ही तुमचं हुशार कोड शेवटचं कधी पुसलंत?