शिवणीतली माया

मास्तरांना खरं तर पळायचं नव्हतं. शर्ट-पॅन्ट शिवणाऱ्या माणसाला कुठे पोहोचायचं असतं? उभा जन्म मशीनच्या पायडलवर गेलेला. पाय भरपूर चालले, पण जागच्या जागी.

पण लेकीने मॅरेथॉनला नाव दिलं आणि मास्तरांची झोप उडाली. ही लेक नोकरीला लागली तरी घरात तिला चिमणीच म्हणत. लहानपणी ती तापाने फणफणली होती आणि तो ताप जाता जाता हृदयाची एक झडप दुखावून गेला होता. पुढे ती बरी झाली. यंदा तर डॉक्टरांनी हसून सांगितलं, "खुशाल पळू दे." डॉक्टरांच्या बापाचं काय जातंय! मास्तरांच्या कानातून मात्र पोरीची तेव्हाची धाप अजून गेली नव्हती. म्हणून त्यांनीही गुपचूप नाव दिलं.

"मी तिच्या मागे राहीन," ते बायकोला म्हणाले. "पडली तर उचलायला कोणी नको?"

"आणि तुम्हाला कोण उचलणार? आधी दुकानाचा जिना न थांबता चढून दाखवा."

सराव म्हणून ते चार-दोन सकाळी झपझप चालत दुकानात गेले. मग शाळांचे गणवेश शिवायला आले आणि सराव बारगळला. तयारी काय ती एकच झाली. चिमणीचा पळायचा शर्ट त्यांनी स्वतः शिवला. कापड बाहेरून पिवळंधमक, आतून पांढरं. पिवळं अशासाठी, की पोरगी लांबून नजरेत राहावी. आणि हाताच्या सवयीने दोन्ही बाजूंच्या शिवणीत बोटभर माया ठेवली. पुढे कपडा उसवून सैल करता यावा म्हणून आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात.

"अहो, ती काय आता वाढणार आहे?" बायको म्हणाली.

"असू दे. कापड कमी पडलं की मग कोणाच्या तोंडाकडे बघायचं?"

शर्यत सुरू झाली. बाबांना गर्दीत पाहून चिमणी हसली आणि त्यांच्याशेजारीच पळू लागली. मास्तरांचं रस्त्याकडे लक्षच नव्हतं, सगळा जीव कानांत. आणि पूल ओलांडल्यावर ती त्यांना ऐकू आली. तीच धाप. तशीच, घरघर करत येणारी.

"बाळ, थांब! दम लागलाय तुला."

"मला? नाही हो."

पण तिने डावा हात बरगडीशी धरला होता आणि दर पावलाला तिचा चेहरा आवळत होता. मास्तरांच्या काळजाचं पाणी झालं. "दुखतंय का तिथे? खरं सांग."

"नुसतं खरचटतंय, बाबा."

लपवतेय! तेवढ्यात त्यांचाच गुडघा दगा देऊन गेला आणि ते फुटपाथवर मटकन बसले. चिमणी वाकून त्यांना पाणी पाजू लागली. तिचा चेहरा अगदी जवळ आला, तेव्हा त्यांना कळलं. तिचा श्वास शांत होता. इतका वेळ जी धाप ऐकून ते मरणाचे घाबरले होते, ती त्यांची स्वतःची होती. पोरगी त्यांच्यासाठी रखडत पळत होती.

"जा तू," ते शेवटी म्हणाले. "मी मागून गाडीने येतो. जा लवकर, नाहीतर माझ्याच्याने तुला सोडवणार नाही."

ती गेली. वळणावर पिवळा ठिपका दिसेनासा झाला आणि मास्तरांना वाटलं, आपण काय करून बसलो!

मागे राहिलेल्यांना उचलणाऱ्या गाडीत ते काचेला नाक लावून बसले. रस्त्याकडेला कोणीतरी आडवं पडलं होतं, भोवती घोळका. "थांबवा! गाडी थांबवा!" मास्तर किंचाळले. पाहतात तो पायात गोळा आलेला एक ढेरपोट्या माणूस. बिचाऱ्याने उलट यांनाच धीर दिला.

शेवटच्या कमानीपाशी ते दोरीला धरून उभे राहिले. निळे आले, लाल आले, पांढरे तर ढीगभर. पिवळं कोणी येईना. मास्तरांच्या हातात पाण्याचा पेला होता, पण तोंडचं पाणी पळालं होतं. लंगडत ते उपचारांच्या तंबूत गेले.

"पिवळा शर्ट... मुलगी..."

"पिवळं कोणी आलं नाही, काका," नर्स म्हणाली.

इथेही नाही, तिथेही नाही. म्हणजे वाटेत कुठेतरी. एकटी. आणि जा म्हणणारे आपणच. मास्तर तिथल्याच एका खुर्चीत बसले.

"बाबा!"

मागे एक पांढरा शर्ट उभा होता. गळ्यात पदक, अंगभर घाम. मास्तर चेहऱ्याआधी शिवण ओळखतात. टाके त्यांचेच होते, पण सगळे बाहेर. दोन्ही बाजूंनी बोटभर कापड कानांसारखं लोंबत होतं आणि त्याच्यावर रक्ताचे सुकलेले डाग होते.

"रक्त?"

"अहो, ही माया घासत होती. सोलून निघाले. शेवटी पाण्याच्या टेबलामागे जाऊन शर्ट उलटा घातला, तेव्हा कुठे पळता आलं."

मास्तरांनी त्या शिवणीला हात लावला आणि चटकन काढून घेतला. "पुढच्या वेळी ठेवणार नाही," ते पुटपुटले.

"अगदी नको असं कुठे म्हणतेय मी?" चिमणी म्हणाली. "थोडी ठेवा." आणि तिने त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठतं केलं. मास्तरांना तेव्हा कुठे रडू आलं.