दाजींची रेघ

माझ्या दाजींच्या मनात नेमकं काय चाललंय हे ओळखणारा माणूस नाशिक जिल्ह्यात तरी अजून जन्माला आलेला नाही, आणि यात मी खुद्द दाजींनाही धरतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे सायखेड्याचे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तीसेक वर्षं काटे आणि लाल दिवे बघत बसले, निवृत्त झाले, आणि महिन्याभरात एका सकाळी मेन रोडवर जाऊन टाक, डझनभर निबा, काळ्या शाईची बाटली आणि दोन बारीक ब्रश घेऊन आले. शाळेत असताना ते वहीच्या मागच्या पानांवर चित्रकथा काढायचे. ते आता पुन्हा सुरू करायचं होतं. दुकानदाराने "नातवासाठी का?" विचारल्यावर लाजून "हो" म्हणाले आणि त्याने भेट दिलेली रंगीत खडूंची पेटीही गुपचूप घेऊन आले. दाजींच्या मुलाचं अजून लग्न व्हायचंय. पेटी बघून ताईने पुण्याला मुलाला फोन लावला आणि दोन दिवस त्या बिचाऱ्याची उलटतपासणी केली.

रेघ ओढताना दाजी श्वास रोखून धरतात. त्या वेळी दारात कोणीही आलं तरी ओ देत नाहीत. गॅसचा सिलिंडर असा दोनदा परत गेलाय. ओली पानं ते बाल्कनीतल्या दोरीवर, ताईच्या साड्यांच्या शेजारी, चिमटे लावून टांगतात आणि काढताना हाताला येतील तशी काढतात. पानांना आकडे घालणं त्यांना कमीपणाचं वाटतं. एकदा मी विचारलं, "दाजी, हा लाइनमन मघाच्या पानावर खांबावरून पडून मेला ना? मग इथं चहा कसा पितोय?" दाजींनी दोन्ही पानं शेजारी शेजारी धरून बघितली. "मला पण तेच कळंना," ते म्हणाले. "पण कप चांगला आलाय."

मुलाने दिवाळीला महागातली पाटी आणून दिली, काचेवर चित्र काढायची. शाई नको, डाग नकोत, चूक झाली तर बोट लावून पुसायची. दाजींनी ती आठ दिवस वापरली आणि कपाटात ठेवून दिली. कारण विचारलं तर म्हणाले, "त्यात माझी रेघ सरळ येते रे. लय सरळ." सरळ रेघ आल्याबद्दल तक्रार करणारा माणूस आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. मुलगा रुसला. ताई म्हणाली, डोकं फिरलंय.

मग एका दुपारी ताई बाजारात गेलेली असताना मी त्यांच्याजवळ बसलो होतो. त्यांनी टाक शाईत बुडवला, श्वास रोखला, आणि निब कागदाला टेकायच्या आधी तिचं टोक थरथरताना मला दिसलं. त्यांनी टाक खाली ठेवला. "डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात," ते म्हणाले. "ती पाटी कंप पुसून टाकते. इथं कागदावर दिसतं तरी, कालच्यापेक्षा आज किती आहे ते. ताईला सांगू नकोस."

आठवडाभर मी घोळात होतो. सांगावं तर दाजींचा विश्वास मोडतो, न सांगावं तर सख्खी बहीण. शेवटी हिय्या करून स्वयंपाकघरात ताईला गाठलं आणि आडवळणाने सुरुवात केली. तिने मेथी निवडता निवडता माझ्याकडे बघितलं. "सहा महिने झाले, उशीर होतोय म्हणत त्यांच्या शर्टाची बटणं कोण लावतं?" ती म्हणाली. "मला माहीत नाही असं त्यांना वाटतं, तर वाटू दे."

आता ती रोज दुपारी त्यांच्यासमोर बसते. दाजी बाह्यरेषा काढतात आणि ती ब्रशने आतलं काळं भरते. गोष्टीतलं तिला काही कळत नाही, ते म्हणतात इथं काळं, ती काळं करते. मागच्या रविवारी मी गेलो तेव्हा पानावर नदीकाठ होता. झाडं, गवत, तारा, लाइनमनची टोपी, सगळं हलत असल्यासारखं दिसत होतं.

"वारा फार सुटलाय का हो यात?" ताईने विचारलं.

"हो," दाजी म्हणाले. "सायखेड्याला नदीवर असतोच."

ताईने मान हलवली, ब्रश शाईत बुडवला आणि दुसऱ्या हाताने त्यांचा कागद घट्ट धरून ठेवला.