पितळ उतरवलेलं इंजिन

नोकरी सोडून इतकी वर्षं झाली, तरी वसईच्या यार्डातलं ते काळं इंजिन माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. शिपाई म्हणून भरती झालो आणि फौजदार होऊन घरी आलो, तेही कोणाच्या शिफारशीशिवाय. माझ्या लिहिण्यात चुका निघतील. हकिकतीत निघणार नाहीत.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. मी स्टेशनाला लागून असलेल्या चौकीत हवालदार होतो. यार्डाच्या टोकाला, मिठागरांच्या बाजूला, एक वाफेचं इंजिन उभं होतं. विलायतेहून बोटीनं आलेलं. उमेदीत त्यानं मालगाड्या ओढल्या, मीठ नेलं, केळीचे घड नेले. मग विजेची गाडी आली, डिझेल आलं, आणि म्हातारपणी त्याला डबे इकडून तिकडे ढकलायला ठेवलं. शेवटी तेही सुटलं. बॉयलर थंड झाला, धुरांड्यात साळुंक्यांनी घरटं केलं.

ते कापून भंगारात घालायचं ठरलं होतं. ठेकेदाराचा माणूस येऊन अंगावर खडूची फुली मारून गेला. पण पुढे वरच्या कोणा साहेबाच्या मनात आलं, असली इंजिनं आता राहिली नाहीत, हे एक जपू. पत्र आलं. गुरुवारी साहेब पाहणीला येणार. यादीप्रमाणे सगळे भाग जागेवर असले तर इंजिन रंगवून चौथऱ्यावर चढवायचं. नसले तर फुली होतीच.

सोमवारी सकाळी यार्डमास्तर धापा टाकत चौकीत आला. "हवालदार, यादी घेऊन तपासायला गेलो तर शिटी नाही, पाटी नाही, वाफेचा दाब दाखवणारं घड्याळ नाही! पितळ म्हणून काय ठेवलं नाय!"

फिर्याद घेतली, दोन पंच घेतले आणि जागेवर गेलो. पंचनामा लिहिताना एक गोष्ट खटकली. शिटी काढलेल्या पाइपाच्या तोंडात लाकडाची खुंटी नीट ठोकलेली. पाटी काढली होती तिथले सगळे नट पुन्हा आपापल्या बोल्टवर बसवलेले, वरून तेलाचं बोट फिरवलेलं. भंगारचोर मी पुष्कळ पाहिलेत. तो छिन्नीनं उडवतो आणि पळतो. मागची आवराआवर करून जाणारा चोर मी पाहिला नव्हता. हे सगळं पंचनाम्यात लिहिलं, बाहेर बोललो नाही. पंचांनाही दम दिला.

आमच्या फौजदारांना घाई फार. संध्याकाळपर्यंत त्यांनी मिठागरांकडच्या गावचा एक हातगाडीवाला भंगारवाला उचलून आणला. तो हात जोडून रडत होता. "साहेब, पानी प्यायला थांबलो होतो. पितलला हात नाय लावला!"

"दोन ठेवून द्या, बोलेल," फौजदार म्हणाले.

"साहेब, याच्या गाडीत छिन्नी आहे, पाना नाही. हे याचं काम नाही."

"चौथी शिकलेले तुम्ही, मला शिकवता?"

"छिन्नीचा घाव की पान्याची खूण, ते चौथीतही कळतं साहेब."

पुढं कित्येक दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. पण पितळ काही सापडलं नाही, मंगळवारी भंगारवाल्याला सोडावं लागलं.

त्याच दिवशी मी आगाशीला गेलो. तिथल्या बाजारात एक तांबट माझा जुना खबरी. घण खाली न ठेवताच तो म्हणाला, "पितळ विकायला कोणी आलं नाही. विचारायला एक जण आलता. म्हणे पितळ वर्षानुवर्षं ठेवायचं तर काय लावावं, आपल्या खाऱ्या वाऱ्यानं हिरवं धरतं."

"कोण?"

"निर्मळ गावचा. रेल्वेत फिटर आहे."

बुधवारी सकाळी फिटरला चौकीत बोलावलं. केळीच्या वाडीतला माणूस, ताठ, अंगात इस्त्रीचा सदरा. निवृत्तीला चार महिने राहिलेले. गुन्हा शाबीत झाला तर नोकरी आणि पेन्शन दोन्ही जाणार, हे त्याला माहीत आणि मलाही. पाहणी दुसऱ्या दिवशी.

दोन तास विचारलं. खुर्ची दिली, चहा दिला, अंगाला हात लावला नाही. उत्तर एकच. "माझी ड्यूटी शेडात. यार्डातलं मला काय माहीत?"

अकरा वाजले. मी विचार केला, हा भीतीनं बोलणारा माणूस नाही. मीही तसलाच. मला धमकावलं तर मी मुका होतो, पण माझ्या कामाला कोणी नाव ठेवलं तर माझ्यानं गप्प बसवत नाही. मी पंचनामा उलटा ठेवला आणि उठत म्हणालो, "जा मिस्त्री, घरी जा. तुमच्यासारख्याचं काम नाहीच हे. ज्यानं काढलं तो निव्वळ खाटीक. बोल्टांचे आटे उडवलेत, नट चिखलात फेकलेत. आता सामान मिळालं तरी परत बसायचं नाही."

त्याचे कान लाल झाले. "कोण म्हणतो?"

"मी बघून आलो."

"काय बघितलंत तुम्ही! बोल्टाला ओरखडा नाही. एकेक नट जागेवर आहे, तेल लावून..."

आणि तो थांबला. त्यानं टेबलावरचा कप उचलला, रिकामा होता, परत ठेवला.

"मिस्त्री, हे मला आणि दोन पंचांना सोडून कोणाला माहीत नाही."

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "फुली मारली त्याच दिवशी काढलं. जेवणाच्या सुट्टीत, उजेडात. त्या इंजिनावर हात काळे करून मी फिटर झालो, हवालदार. ती शिटी वितळवून त्यांनी लोटे केले असते. मग पत्र आलं, पहारा बसला. परत लावायला जाऊ कसा? चोर म्हणून धरलं असतं."

"आणि आता काय म्हणून धरलंय?"

त्याला हसू आलं. तेवढंच.

दुपारी पंच घेऊन निर्मळला त्याच्या घरी गेलो. बायको दारातच कडाडली, "न्या एकदाचं ते! माझ्या केळ्यांना तेलाचा वास लागलाय, बाजारात कोण हात लावत नाय." केळी पिकवायच्या खोलीत पेंढ्याखाली लाकडी पेटी होती. प्रत्येक भाग ग्रीसच्या चिंध्यांत गुंडाळलेला, बरोबर चिठ्ठी, कुठला भाग, कुठे बसतो. जसं दिसलं तसं पंचनाम्यात लिहिलं.

खरा पेच पुढंच होता. जप्त केलेला माल म्हणजे मुद्देमाल. खटला संपेपर्यंत सीलबंद. म्हणजे सामान सापडूनही इंजिन कापलंच जाणार. फौजदार म्हणाले, "आपलं काम चोर धरणं." यार्डमास्तर माझ्या कानाशी लागला. "हा घरचा पंचनामा फाडा हो. सामान यार्डातच मिळालं म्हणा. माणूसही सुटला, इंजिनही."

खोटं कशाला सांगू, मोह झाला. पण लिहिलेला कागद मी कधी फाडला नव्हता. यार्डमास्तरला म्हटलं, "फाडत नाही. तुम्ही अर्ज करा, माल मूळ मालकाला हमीवर परत द्या म्हणून. चला माझ्याबरोबर." आरोपीला हजर करायचंच होतं. त्याला, यार्डमास्तरला आणि पेटीला घेऊन कोर्ट उठायच्या आत कसाबसा पोचलो.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "एवढी घाई कशाला? पितळ नासतं का?"

"पितळ नाही नासत साहेब. इंजिन कापलं जाईल."

त्यांनी अर्ज दोनदा वाचला. फोटो काढून घ्यायला सांगितलं आणि सही केली. आरोपीला एक दिवसाची पोलीस कोठडी.

पण बसवणार कोण? शेडातले नवे फिटर सगळे डिझेलवाले. गुरुवारी उजाडताच मी आरोपीलाच यार्डात नेलं. हातकडी काढायला लागलो तर फौजदार ओरडले, "पळाला तर?"

"माझा पट्टा उतरवून घ्या, साहेब."

दोन शिपाई बंदूक घेऊन उभे आणि हा चिठ्ठ्या न बघता एकेक भाग चढवतोय. शेवटची शिटी बसली आणि साहेबांची गाडी फाटकात आली. साहेब यादीवर खुणा करत गेले. पाटीवर बोट फिरवून म्हणाले, "छान बसवलंय. कोणी केलं?"

यार्डमास्तर जमिनीकडे बघू लागला. मी म्हणालो, "आरोपीनं, साहेब."

साहेबांचा पेन थांबला. माझ्याकडे पाहिलं, त्याच्या तेलकट हातांकडे पाहिलं. मग त्यांनी शेवटची खूण केली.

इंजिन वाचलं. खटला अडीच वर्षं चालला. फिटर निलंबनातच निवृत्त झाला, पेन्शन तोवर अडकलेली. साक्षीत त्याच्या वकिलानं मला विचारलं, विकायचा इरादा दिसला का? सरकारी वकील डोळे वटारत होते. मी पंचनाम्यातलं सगळं सांगितलं, तेल लावलेले नट, ग्रीसच्या चिंध्या, चिठ्ठ्या. लबाडीचा इरादा शाबीत झाला नाही, तो निर्दोष सुटला. माझी बढती त्या साली हुकली. हुकू दे.

पुढं निर्मळच्या जत्रेत तो भेटला. मी म्हटलं, "मिस्त्री, तो कागद फाडला असता तर लोक जन्मभर तुम्हाला चोर म्हणाले असते. त्याच कागदानं सोडवलं तुम्हाला."

त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "तुमचं बरोबर आहे हवालदार. पण ती अडीच वर्षं तुम्ही नाही काढलीत." आणि गर्दीत निघून गेला.

कायद्यानं वागलो की आपल्याकडून कोणाचं काही वाईट होत नाही, असं मी तोवर समजत होतो. त्यानंतर तसं समजलो नाही. कोणालाही आत घालताना त्याच्या घरच्यांचे पुढचे दिवस कसे जातील, ते आधी डोळ्यांपुढं आणू लागलो.

तरी तो पंचनामा मी आजही फाडला नसता.