उसाबाहेर आलेले शिपाई

सुभेदार लालासाहेब घार्गे फौजेतून परतले तेव्हा बाकीचे लोक आणतात ते सगळं त्यांनी आणलं, आणि वर नेपोलियनही आणला. शेवटच्या ठाण्यावरच्या साहेबांना टेबलावर नेपोलियनच्या लढाया खेळायचा नाद होता आणि समोर बसायला माणूस मिळत नव्हता. तिथं लालासाहेब सगळे नियम शिकले. साहेबांना हरवायचं नाही, हा एक नियम पुस्तकात नव्हता, तोही शिकले.

आता ते सांगलीत दर रविवारी पलंगावर प्लायवूड टाकून अश्फाक शिकलगारशी खेळतात. अश्फाकचा कुपवाडला ओतकामाचा छोटा कारखाना आहे. बोटाच्या पेराएवढे शिपाई तोच ओततो आणि तोच रंगवतो. त्यांच्या रणांगणावर युरोपातला गहू नसतो. खराट्याच्या काड्या हिरव्या रंगवून केलेला ऊस असतो.

लालासाहेबांचा जीव सुट्या शिपायांवर. पलटण एका पट्टीवर चिकटवलेली असते, एकदम सरकते. सुटे मात्र एकेकटे, आपापल्या चकतीवर उभे. पलटणींच्या फळीपुढं पांगून जायचं, शत्रूच्या तोफवाल्यांना टिपायचं आणि मागं यायचं, हे त्यांचं काम. उसात असले तर घोडदळ त्यांच्या वाटेला जात नाही. उघड्यावर सापडले तर संपले.

सुटे आवडायचं खरं कारण वेगळं होतं. पलटण सरकली की सगळ्यांना दिसते. डझनभर सुट्यांची चाल कोण बघत बसतो? पुढच्या कडेपासून टेप लावायची, चालीच्या आठ इंचांवर बोट ठेवायचं आणि पुढच्या कडेऐवजी चकतीची मागची कड त्या बोटाला टेकवायची. प्रत्येक चालीला चकतीची रुंदी पदरात. लालासाहेब याला लबाडी मानत नसत. गावाकडं त्यांच्या आणि चुलतभाऊ ऋषिराजच्या उसामधला बांध एके काळी बैलगाडी जाईल एवढा होता. आता त्यावरून कुत्रंसुद्धा तिरकं होऊन जातं. दोन्हीकडून नांगर थोडाथोडा सरकला, कुणी कुणाला काही बोललं नाही. जमीन अशीच वाढते.

या रविवारची लढाई मात्र साधी नव्हती. पुढच्या महिन्यात खंडाळ्याला पुण्याच्या मंडळींशी सामना ठरला होता, आणि आज जिंकेल तो सांगलीचा सेनापती होणार होता. लालासाहेबांनी पुणेकरांपुढं करायचं भाषणही तयार ठेवलं होतं.

उसाचं पलीकडचं टोक त्यांच्या कडेपासून नियमाच्या बरोबर तीन चालींवर, चोवीस इंचांवर, हे त्यांना पाठ होतं. तिथल्या शेवटच्या सरीतून अश्फाकचे तोफवाले नेमके टप्प्यात येत. पहिल्या दोन चालींत त्यांनी नेहमीप्रमाणे चकत्या पदरात पाडल्या. अश्फाक चहा फुंकत होता. त्याचं घोडदळ कोपऱ्यात नुसतं उभं होतं. विसरला गडी, असं लालासाहेबांना वाटलं.

या खेळात चाल आधी बोलायची, मग मोजायची. बोललेली फिरत नाही.

"सुटे, पुरी चाल," लालासाहेब म्हणाले.

"बगा हं सुभेदार. पुरी?"

"पुरी म्हंजे पुरी रं."

त्यांनी टेप लावली. आठाचा आकडा उसाच्या पुढं, मोकळ्या रानात पडला. त्यांनी टेप उचलून पुन्हा लावली. या खेपेला अगदी प्रामाणिकपणे मोजलं, तरी आकडा तिथंच. आधी कमावलेल्या चकत्यांनी शिपायांना उसाबाहेर काढलं होतं.

अश्फाकनं कप खाली ठेवला. "तीन चालीत शेवटच्या सरीला थांबाया पायजे हुते की. तुमीच सांगता न्हवं कायम? टेप सैल झाली का काय? चला, पयल्या चालीपासनं मोजू. चुकलं असंल तर माघारी घ्या, आपली काय हरकत न्हाई."

माघारी घेतले तर शिपाई उसात. शिपाई वाचले तर लढाई हातात, लढाई हातात तर खंडाळा. फक्त पहिल्या चालीपासून मोजायचं होतं.

"टेप बरूबर हाय," लालासाहेब म्हणाले.

"मग घोडी सोडू?"

"सोड की. इचारतोस काय?"

घोडदळ कोपऱ्यातून निघालं. सुटे पळाले, वाचण्याचा फासा एकावर पडला, आणि जे उरले ते आपल्याच पलटणीवर जाऊन आदळले. फळी फुटली. चहाचे कप न्यायला आलेल्या त्यांच्या पत्नी बनुबाई क्षणभर थांबून बघत राहिल्या.

"आवं, चांगली उसात हुती ती. भायेर कशाला आली?"

"वारं खायाला," लालासाहेब म्हणाले.

अश्फाक हसला नाही. मेलेले शिपाई एकेक करून डब्यात ठेवता ठेवता त्यानं सेनापती म्हणून पहिला हुकूम दिला. "खंडाळ्याला तोफा तुमच्याकडं."

"आन् सुटे?"

"सुटे मी बगतो. तोफा जाग्यावर असत्यात, सुभेदार. हलवाय लागत न्हाईत, मोजाय लागत न्हाईत. वयाला बरं."

लालासाहेबांनी एक तोफ उचलून हातात फिरवली. चाकं बघितली, तोंड बघितलं.

"गोळा किती लांब जातो, ते तरी मोजाय लागत असंल न्हवं?"

अश्फाकनं डब्याचं झाकण लावलं, आणि टेप गुंडाळून आपल्या खिशात घातली.