बारा केबीचा बगळा

११ फेब्रुवारी २००१, रविवार. रक्कम पाचशे चाळीस रुपये : अठरा चित्रं, प्रत्येकी तीस. हजर आम्ही तिघे : मी, पेंटर चाचा आणि चाची. जागा जटपुरा गेटाजवळचं त्यांचं दुकान.

चाचा दुकानांच्या पाट्या रंगवत. मी सरकारी कचेरीत मोजमापाच्या वह्या तपासणारा कारकून. दर रविवारी सकाळी रामाळा तलावावर जाऊन पक्षी मोजायचे आणि आकडे वहीत उतरवायचे, एवढाच माझा नाद. घरी हप्त्याने कॉम्प्युटर आला तेव्हा ठरवलं, या तलावाच्या पक्ष्यांची वेबसाइट करायची. चित्रं दुसरीकडून उचललेली नकोत, आपलीच हवीत. चाचा चार रविवार सायकलने माझ्यासोबत आले, काठावर उकिडवे बसले आणि मग दुकानात वहीएवढ्या पत्र्यांवर त्यांनी अठरा पक्षी काढले. प्रत्येकाच्या खाली बोटभर पट्टीत पिवळ्या रंगात चाचांचं स्वतःचं नाव होतं. शिरोरेषा एका दमात ओढलेली.

मी पैसे मोजून पुढे ठेवले. त्यांनी ते परत सरकवले.

"बाबू, बोर्डाचे पैसे घेतो मी. हे बोर्ड नाई. फक्त खाली नाव राहू दे. चाळीस वर्सं दुसऱ्यायचीच नावं लिहून राह्यलो."

"घ्या ना," आतून चाची म्हणाली, "नावानं डाळ शिजते काय?"

"तुई शिजवलेली तशीबी कच्चीच राह्यते," चाचा म्हणाले. पैसे मात्र त्यांनी घेतले नाहीत.

कॉम्प्युटर क्लासमधल्या स्कॅनरवर पत्रे ठेवले, काचेला ओरखडा नको म्हणून खाली प्लास्टिक घातलं. चित्रांच्या फाइल्स मोठ्या आल्या. सायबर कॅफेत मी घड्याळ लावून पाहिलं होतं : चाळीस केबीचं चित्र उघडायला तेरा सेकंद लागत, बारा केबीचं चार सेकंदात येई. मी मर्यादा घातली, बारा. रंग कमी केले, आकार कमी केला. नुसते पक्षी बारात बसले, पण नावाच्या पट्टीसकट प्रत्येक चित्र चौदावर जाई. मी पट्ट्या कापल्या. वेबसाइटच्या शेवटच्या पानावर चाचांचं नाव इंग्रजीत टाइप केलं, कारण मराठी अक्षरं तेव्हा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नीट दिसत नसत. मूळ मोठ्या फाइल्स फ्लॉपीवर मावत नव्हत्या, त्या क्लासच्याच मशीनवर सोडून आलो.

चाचांना कॅफेत नेलं. बगळा वरून खाली, ओळीओळीने उघडत गेला. चोच, मान, पाय, पाणी. मग थांबला. चाचा पुढे वाकून पाहतच राहिले.

"खालचं अजून येऊन राह्यलं का?"

"नाई चाचा. झालं एवढंच." मी शेवटचं पान उघडून इंग्रजी नावावर बोट ठेवलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी मान हलवली.

"बरं झालं, बगळ्याचे पाय तरी ठेवले तुवा."

परत येताना मी त्यांना सांगितलं, चित्रं आता कायमची सुरक्षित आहेत. ते त्यांनी खरं मानलं. चांगला पत्रा ते कधी वाया घालवत नसत. महिन्याभरात अठराच्या अठरा पत्र्यांवर 'खोली भाड्याने देणे आहे' आणि 'येथे लघवी करू नये' लिहून झालं.

पुढे गावात फ्लेक्स आले. पाट्यांचं काम वर्षभरात निम्म्यावर आलं, मग थांबलं. २००६च्या उन्हाळ्यात चाचा गेले. वेबसाइटला फुकट जागा देणाऱ्यांनी ती आधीच बंद केली होती, मला कळलंही नव्हतं.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर चाचीने बोलावलं. "त्यायचं एक चित्र दुकानावर लावाचं हाय. मोठं. नावासकट. तुह्याजवळ हायेत म्हणत होते ते."

मी क्लासमध्ये गेलो. ती मशीन भंगारात गेली होती. मागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीची एक पाटी अजून होती. मालकाला विचारून चाकूने कोपरा खरवडला. रंगाआधी देतात तो लाल प्रायमर निघाला, त्याखाली कोरा पत्रा. चाचा नवा रंग लावण्याआधी पत्रा पार घासून घेत. काम पक्कं असे त्यांचं.

उरली माझ्या फ्लॉपीवरची लहान चित्रं, त्यांतला तो बारा केबीचा बगळा. तो घेऊन फ्लेक्सवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "भाऊ, हे मोठं केलं का फाटते. चौकोन चौकोन दिसतेन." तरी मी दोन बाय तीनचा काढायला सांगितला. नाव त्याने कॉम्प्युटरमधल्या अक्षरांत टाकलं.

चाचीने फ्लेक्स ओट्यावर पसरला. बगळा ओळखू येत नव्हता. तिने नावावरून हात फिरवला.

"हे त्यायचं अक्षर नोहे," ती म्हणाली. मी सगळं सांगितलं, पट्टीचंसुद्धा. तिने ऐकून घेतलं, फ्लेक्सची गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली. पाचशे चाळीस रुपये मी सोबत नेले होते, ते ओट्यावर ठेवले. तिने ते गुंडाळीवर ठेवून परत केले.

या कामात माझ्याकडून चित्रांपोटी पैसे गेले ते एवढेच : सहा चौरस फूट, बारा रुपये दराने, बहात्तर रुपये. फ्लेक्सवाल्याला.